देवराज्याचा पाईक : संत ऑगस्टिन

प्रभु येशूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण दररोज देवाचें राज्य येण्याविषयीं याचना करीत असतों. आईच्या मांडीवर शिकलेली ही प्रार्थना आपल्या इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं, हें राज्य कोणतें, तें कोठें आहे, तें आलेलें आहे किंवा अजून यावयाचें आहे, ह्याचा विचार आपल्यापैकीं थोडेच करतात. कित्येकांस तें केवळ मरणानंतरचें स्वर्गसुख वाटतें. कित्येक तें ख्रिस्ती राजांच्या सत्तेंत शोधतात. आणि कित्येकांस उंच देवालयें, थाटाचे सण व मिस्साबलीची दाटी पाहिली म्हणजे देवराज्य हातीं लागलें असें वाटूं लागतें. आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्ण महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं ह्या तिन्ही समजुतींची परीक्षा करणें उचित होईल, असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं कोरडें प्रवचन करण्यापेक्षां एका महात्म्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्ही अधिक पसंत करतों. हे महात्मे म्हणजे हिप्पो नगराचे बिशप संत ऑगस्टिन होत. बलाढ्य रोमन साम्राज्य डोळ्यांदेखत ढासळत असतां ख्रिस्ताच्या राज्याचें काय झालें, हा प्रश्न लोकांनीं त्यांच्यापुढें टाकला, आणि आयुष्याचीं सुमारें तेरा वर्षें त्यांनीं त्याचें उत्तर लिहिण्यांत वेंचलीं.

संत ऑगस्टिन ह्यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजीं उत्तर आफ्रिकेंतील थागस्ते ह्या गांवीं झाला. हा प्रदेश आज अल्जीरिया देशांत मोडतो; त्या काळीं तो रोमन साम्राज्याचा भाग होता. पिता पात्रिसियुस ह्यांनीं मूर्तिपूजकांचा धर्म सोडून आयुष्याच्या अखेरीस स्नानसंस्कार घेतला. माता संत मोनिका ह्या मात्र पहिल्यापासून निष्ठावंत ख्रिस्ती होत्या. मुलाची बुद्धि तीव्र असल्यामुळें प्रथम मदौरा व पुढें कार्थेज येथें त्याच्या शिक्षणाची सोय झाली. कार्थेजमध्यें विद्या मिळाली, परंतु शील राहिलें नाहीं. लग्नावांचून एका स्त्रीशीं संबंध जडला, व त्यांना आदेओदातुस नांवाचा पुत्र झाला. त्याच सुमारास ते मानी ह्याच्या पंथांत शिरले. प्रकाशाचें राज्य व अंधाराचें राज्य हीं दोन राज्यें अनादि असून तीं एकमेकांशीं झगडत आहेत, आणि मनुष्य पाप करतो तें त्याच्यांतील अंधार करतो, अशी ह्या पंथाची शिकवण होती. पापाची जबाबदारी आपल्यावर येत नाहीं, ही सोय कोणत्या तरुणास आवडणार नाहीं? सुमारें नऊ वर्षें ते ह्या मताचे राहिले.

३८३ सालीं ते रोमला गेले, व पुढच्याच वर्षीं मिलान येथें वक्तृत्वशास्त्राचे सरकारी अध्यापक झाले. मिलान त्या वेळीं बादशहाच्या दरबाराचें ठिकाण होतें. मान, पैसा व पुढील बढतीची आशा, सर्व कांहीं हातांशीं आलें. एके दिवशीं बादशहाच्या स्तुतीचें भाषण करण्यास ते निघाले असतां वाटेंत दारू पिऊन आनंदांत असलेला एक भिकारी त्यांना दिसला. आपण ज्या भाषणाच्या चिंतेनें पोखरून गेलों आहों त्यांत बहुतेक खोटेपणा आहे, ऐकणारेही तें जाणतात, आणि एवढें करून जें समाधान मिळवावयाचें तें ह्या भिकाऱ्यास चार पैशांत मिळालें आहे, ही जाणीव त्यांच्या मनाला झोंबली. भिकाऱ्याचा आनंद खरा नव्हता हें ते जाणून होते. परंतु आपली कीर्तिही त्याहून खरी नाहीं, हें त्यांना त्या दिवशीं कळलें. पृथ्वीवरील राज्याची चाकरी काय देऊं शकते, ह्याचा हा त्यांना मिळालेला पहिला धडा होय.

मिलानचे बिशप संत अंब्रोज ह्यांच्या प्रवचनांनीं त्यांच्या बुद्धीचीं कोडीं हळूहळू सुटलीं. हृदयाची गांठ मात्र सुटेना. ३८६ सालीं एका बागेंत ते व्याकूळ होऊन रडत असतां, उचलून वाचण्यास सांगणारा एका बालकाचा आवाज त्यांच्या कानीं आला. त्यांनीं संत पौलाचीं पत्रें उघडलीं, आणि विलास सोडून ख्रिस्ताला परिधान करण्याविषयींचा रोमकरांस लिहिलेल्या पत्रांतील उपदेश त्यांच्या दृष्टीस पडला. मनांतील अंधार तेथेंच निवळला. ३८७ च्या पुनरुत्थान-सणाच्या रात्रीं पुत्र आदेओदातुस व मित्र अलिपियुस ह्यांच्यासह त्यांनीं संत अंब्रोज ह्यांच्या हस्तें स्नानसंस्कार घेतला. त्याच वर्षीं आफ्रिकेला परत जातांना ओस्तिया बंदरांत मोनिका माता देवाघरीं गेल्या. ज्या लेकरासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें अश्रु ढाळले, त्याच्या हृदयांत देवाचें राज्य आलेलें पाहूनच त्यांनीं डोळे मिटले.

आफ्रिकेंत परतल्यावर मित्रांसमवेत प्रार्थना व अभ्यास करीत एकांतांत राहण्याचा त्यांचा बेत होता. परंतु ३९१ सालीं हिप्पो येथें गेले असतां लोकांनीं त्यांना देवालयांतच धरून धर्मगुरु होण्यास भाग पाडलें. पुढें चार-पांच वर्षांत ते त्या नगराचे बिशप झाले, व मरेपर्यंत तेथेंच राहिले. हिप्पो म्हणजे आजचें अन्नाबा बंदर. येथें त्यांचे दिवस ग्रंथालयांत कमी व लोकांत अधिक गेले. प्रवचनें करावीं, पत्रें लिहावीं, आणि जमीनजुमल्याच्या व वारसाहक्काच्या तंट्यांचा निवाडा करीत तासन् तास बसावें, असा त्यांचा क्रम असे. आपल्या धर्मगुरूंसह ते एकत्र राहत. कोणाचीही खासगी मालमत्ता नसे. भोजनाच्या वेळीं गैरहजर माणसाची निंदा करूं नये, अशी ताकीद त्यांनीं मेजावरच कोरून घेतली होती. गुलामगिरींत सांपडलेल्या लोकांना सोडविण्यासाठीं पैसा अपुरा पडला तेव्हां देवालयांतील पवित्र पात्रें वितळवून त्यांनीं तो उभा केला. १९८१ सालीं प्रथमच प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कांहीं पत्रांवरून असेंही समजतें कीं, परमुलखीं विकण्यासाठीं पळवून नेलेल्या सुमारें १२० माणसांना हिप्पोच्या ख्रिस्ती लोकांनीं व्यापाऱ्यांच्या हातून सोडविलें होतें. देवराज्य केवळ मरणानंतरचें मानणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

त्या वेळीं आफ्रिकेंतील ख्रिस्तसभा दुभंगलेली होती. चौथ्या शतकाच्या आरंभींच्या छळांत कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं भिऊन पवित्र ग्रंथ सरकारच्या स्वाधीन केले होते. अशा पतितांच्या हातचे संस्कार निष्फळ होत, व शुद्ध माणसांची मंडळी तीच खरी ख्रिस्तसभा, असें म्हणून दोनातुसपंथी वेगळे झाले. संत ऑगस्टिन ह्यांनीं उत्तर दिलें कीं, संस्कार देणारा खरोखर ख्रिस्तच असतो. धर्मगुरूच्या दोषानें त्याचें दान नासत नाहीं. शिवाय प्रभूनें सांगितलेल्या दाखल्यांत गहूं व निदण कापणीपर्यंत एकाच शेतांत वाढतात. कापणीपूर्वीं उपटाउपट करण्याचा अधिकार प्रभूनें कोणासही दिलेला नाहीं. ४११ सालीं कार्थेज येथें दोन्ही पक्षांचे मिळून पांचशेंहून अधिक बिशप जमले, व बादशहाचा अधिकारी मार्सेलिनुस ह्यानें कॅथॉलिक पक्षाच्या बाजूनें निकाल दिला. येथें एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. प्रथम धर्मांत बळजबरी नको असें म्हणणाऱ्या ऑगस्टिन ह्यांनीं पुढें दोनातुसपंथीयांविरुद्ध सरकारी कायद्यांचा उपयोग मान्य केला, आणि पुढील शतकांत त्यांच्या ह्या मताचा आधार घेऊन अनेकांवर अन्याय झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं धर्माच्या बाबतींत कोणावरही जबरदस्ती होऊं नये, असें स्पष्ट शिकविलें आहे. थोर संतांचेंही प्रत्येक मत म्हणजे शुभवर्तमान नव्हे. निदण उपटण्याची घाई करूं नये हा त्यांचाच धडा येथें त्यांच्याहून आपण अधिक पाळावयास हवा.

आतां आपण मुख्य प्रसंगाकडे येतों. २४ ऑगस्ट ४१० रोजीं अलारिक ह्याच्या गॉथ सैन्यानें रोम शहरांत शिरून तीन दिवस तें लुटलें. सुमारें आठशें वर्षांत शत्रूचें पाऊल ज्या नगरींत पडलें नव्हतें ती पडली, हें ऐकून सारें जग हादरलें. निर्वासितांच्या नौका आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागल्या. जुन्या देवांचे अभिमानी म्हणूं लागले कीं, रोमनें आपले देव टाकले म्हणूनच हा घात झाला. ख्रिस्ती लोकही गोंधळले. बादशहा ख्रिस्ती झाल्यापासून साम्राज्य म्हणजेच जणूं ख्रिस्ताचें राज्य, असें अनेकांनीं मनांत धरलें होतें. आतां साम्राज्य डळमळलें तर ख्रिस्तही हरला काय, अशी शंका त्यांना येऊं लागली. मार्सेलिनुस ह्यांच्या विनंतीवरून संत ऑगस्टिन ह्यांनीं ४१३ च्या सुमारास देवनगरी हा ग्रंथ आरंभिला. त्याच वर्षीं मार्सेलिनुस ह्यांना राजद्रोहाच्या आरोपाखालीं निर्दोष असतां मृत्युदंड झाला. बिशपांची रदबदली व्यर्थ गेली. पृथ्वीवरील राज्याचा न्याय कसा असतो, तें ग्रंथकर्त्यानें अशा रीतीनें स्वतःच्या मित्राच्या मरणांत पाहिलें.

बावीस भागांचा हा ग्रंथ ४२६ च्या सुमारास पुरा झाला. पहिल्या दहा भागांत ते दाखवितात कीं, ख्रिस्तापूर्वींही रोमवर संकटें आलींच होतीं, आणि जुने देव तीं टाळूं शकले नव्हते. न्याय नसेल तर राज्य व लुटारूंची टोळी ह्यांत आकाराखेरीज भेद तो कोणता, असें ते विचारतात. उरलेल्या बारा भागांत दोन नगरांचा उगम, प्रवास व शेवट सांगितला आहे. देवाला तुच्छ करण्यापर्यंत गेलेली स्वतःवरील प्रीति एक नगर वसविते. स्वतःला विसरण्यापर्यंत गेलेली देवावरील प्रीति दुसरें वसविते. ह्या दोन नगरांमध्यें तटबंदी नाहीं. ह्या जगांत तीं एकमेकांत मिसळलेलीं असून एकाच बाजारांत, एकाच घरांत व एकाच देवालयांत त्यांचे नागरिक शेजारीं शेजारीं बसतात. देवराज्याविषयींही त्यांनीं असाच विवेक केला आहे. आज ख्रिस्त आपल्या भक्तांमध्यें राज्य करीत आहे, म्हणून ख्रिस्तसभेस देवाचें राज्य म्हणतां येतें; परंतु ह्या राज्यांत गव्हाबरोबर निदणही आहे. ज्यांत केवळ गहूंच असेल तें पूर्ण राज्य प्रभूच्या पुनरागमनींच प्रकट होईल. तोंवर ख्रिस्ती मनुष्य हा प्रवासी आहे. तरीही वाटेवरील नगराची शांति तो तुच्छ मानीत नाहीं, तिच्यासाठीं झटतो, आणि तिच्यांतच अडकून मात्र राहत नाहीं.

ह्या शिकवणीची अंतिम कसोटी लेखकालाच द्यावी लागली. ४२९ सालीं वंडाल लोक आफ्रिकेंत उतरले, गांवें व देवालयें उद्ध्वस्त करीत आले, आणि ४३० च्या उन्हाळ्यांत त्यांनीं हिप्पोला वेढा दिला. संकटकाळीं मेंढपाळानें कळप सोडून पळूं नये, असें त्यांनीं आपल्या सहबिशपांना लिहून कळविलें होतें. ते स्वतःही गेले नाहींत. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत त्यांना ताप आला. पश्चात्तापाचीं स्तोत्रें लिहवून त्यांनीं भिंतीवर लावलीं, आणि अंथरुणावरून तीं वाचीत ते अश्रु ढाळीत. २८ ऑगस्ट ४३० रोजीं वयाच्या शहात्तराव्या वर्षीं त्यांनीं देह ठेवला. मृत्युपत्र त्यांनीं केलें नाहीं, कारण ठेवून जाण्यासारखें कांहीं नव्हतेंच. देवालयाचे ग्रंथ जपून ठेवावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पुढें हिप्पो पडलें, साम्राज्य मोडलें, कांहीं शतकांनीं आफ्रिकेंतील ती भरभराटीची ख्रिस्तसभाही जवळजवळ नाहींशी झाली. परंतु ते ग्रंथ वांचले. त्यांच्या नियमानें चालणारे संघ आजही जगभर आहेत, आणि २०२५ सालीं पोपपदीं निवडले गेलेले लिओ चौदावे हे अशाच ऑगस्टिनियन संघांतील होत.

ही कथा दूरच्या देशाची असली तरी तिचा धडा आपल्या भूमीनेंही गिरविलेला आहे. जुन्या गोव्यांत ऑगस्टिनियन संन्याशांचें भव्य देवालय होतें; १८३५ सालीं त्यांना तें सोडावें लागलें, १८४२ सालीं त्याचें छत कोसळलें, आणि आज तेथें एका मनोऱ्याचा भग्न भाग तेवढा उभा आहे. १७३९ सालीं वसईचा किल्ला मराठ्यांनीं जिंकला. पोर्तुगीज सत्ता गेली, किल्ल्यांतील मठ ओस पडले, परंतु गांवोगांवच्या शेतकऱ्यांची व कोळ्यांची श्रद्धा विझली नाहीं. ज्या राज्याच्या छायेखालीं ती आली तें गेलें. ज्या राज्याची ती होती तें राहिलें.

म्हणून, प्रिय धर्मबंधूंनो व भगिनींनो, महोत्सवाचा हिशेब मांडतांना किती भिंती उभ्या राहिल्या व किती निधि जमला एवढेंच पाहून थांबूं नका. शेजाऱ्याशीं चाललेला बांधाचा तंटा मिटला काय, गैरहजर माणसाची निंदा आपल्या मेजावर थांबली काय, संकटांत सांपडलेल्यास सोडविण्यासाठीं आपण आपलें कांहीं वितळविलें काय, हेंही विचारा. ह्याचें उत्तर जेथें होकारार्थी येईल तेथें देवाचें राज्य आलें, असें समजावें. आपलें देवालयही एके दिवशीं जीर्ण होईल. त्यांत ज्या प्रीतीनें आपण गुडघे टेकले, ती मात्र प्रभूच्या पूर्ण राज्यांत आपल्यासवें येईल. त्या राज्याचे पाईक होण्याची कृपा संत ऑगस्टिन ह्यांच्या मध्यस्थीनें आपणां सर्वांस लाभो, हीच आमची प्रार्थना.