हेलनच्या शेजारी बसलेल्या शिक्षिका

विशेष गरजा असलेल्या मुलाला वर्गात प्रवेश देणे एक वेळ सोपे. त्याच्या शेजारी बसणारी प्रशिक्षित व्यक्ती मिळणे कठीण. ॲन सलिव्हन यांनी हेच काम आयुष्यभर केले. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात गरीब आयरिश कुटुंबात झाला. खुपऱ्यांमुळे बालपणीच दृष्टी अधू झाली. आई वारल्यावर १८७६ मध्ये ट्यूक्सबरीच्या निराधारगृहात त्यांची रवानगी झाली. तेथे धाकटा भाऊ दगावला. पुढे पर्किन्स अंधशाळेत शिकून १८८६ मध्ये त्या वर्गात पहिल्या आल्या.

३ मार्च १८८७ रोजी अलाबामातील टस्कंबिया येथे सहा वर्षांच्या अंध आणि बधिर हेलन केलरच्या शिक्षिका म्हणून त्या रुजू झाल्या. महिनाभरातच पंपाच्या धारेखाली हात धरून त्यांनी तिला शब्दाचा अर्थ उमगवला.

खरी कसोटी रॅडक्लिफ महाविद्यालयात लागली. १८९९ च्या प्रवेश परीक्षेत हेलनला प्रश्नपत्रिका वाचून दाखवण्याची परवानगी सलिव्हन यांना मिळाली नाही. १९०० ते १९०४ या काळात मात्र प्रत्येक व्याख्यान त्यांनी हेलनच्या तळहातावर अक्षर-अक्षर उमटवले. ब्रेलमध्ये नसलेली पुस्तके वाचताना स्वतःचे डोळे आणखी अधू झाले. शिक्षणाचा खर्च उद्योगपती हेन्री रॉजर्स यांनी उचलला.

१९०४ मध्ये पदवी हेलनला मिळाली. चारही वर्षे तिच्यासोबत तोच अभ्यास करणाऱ्या सलिव्हन यांना टेम्पल विद्यापीठाची मानद पदवी मिळाली, ती १९३२ मध्ये. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. एका दानशूराच्या औदार्यावर जे एका मुलीला लाभले, ते प्रत्येक वर्गात कसे पोहोचवायचे, हा प्रश्न त्या मागे ठेवून गेल्या.