छोट्या वाघिणींचे शिल्पकार

परभणीच्या स्थानकात मालगाडी येऊन उभी राहिली म्हणजे मुलांची दृष्टी प्रथम तिच्या इंजिनाकडे वळते. मागे जोडलेल्या वाघिणींकडे सहसा कोणी पाहत नाही. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. 'वॅगन' हा इंग्रजी शब्द कामकरी लोकांच्या तोंडी फिरता फिरता त्याची अशी वाघीण झाली. रानातल्या वाघिणीशी तिचा काही संबंध नाही. कापसाच्या गाठी, धान्याची पोती, कोळसा, सिमेंट असे जे लादावे ते ती मुकाट्याने वाहून नेते. तिचे छायाचित्र कोणी काढीत नाही, आणि ती मोडीत निघाली तरी कोणाला हळहळ वाटत नाही. मग पन्नास वर्षांनी कोणी विचारले, की ती वाघीण किती लांब होती, तिला फळ्या किती होत्या, तिच्या अंगावर कोणत्या रंगात कोणाचे नाव लिहिलेले होते, तर उत्तर देणारा भेटत नाही.

अशा उपेक्षित वाघिणीचीही मोजमाप घेऊन हुबेहूब प्रतिकृती करावी, ही कल्पना आज जगभरच्या छांदिष्टांना मान्य झालेली आहे. या छंदाला मोजपट्टीची शिस्त लावणाऱ्या थोड्या लोकांत वेनमन जोसेफ बॅसेट-लोक यांची गणना होते.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८७७ रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन या गावी झाला. हे गाव पादत्राणांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होते. परंतु लोक यांच्या घरचा धंदा लोखंडाचा होता. वडिलांचा बाष्पपात्रे, म्हणजे बॉयलर, बनविण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखाना होता. वेनमन यांची शाळा लहान वयातच सुटली. काही काळ त्यांनी एका वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत उमेदवारी केली आणि नंतर ते वडिलांच्या कारखान्यात दाखल झाले. कचेरीत त्यांना नकाशा वाचण्याची दृष्टी मिळाली आणि कारखान्यात धातूला आकार देण्याचे कसब मिळाले. पुढील आयुष्यात या दोहोंचाही त्यांना सारखाच उपयोग झाला.

वाफेवर चालणारी लहानशी इंजिने घरी बनविण्याचा छंद त्या वेळी इंग्लंडमध्ये वाढत होता. १८९८ साली अशा छांदिष्टांसाठी 'द मॉडेल इंजिनिअर' नावाचे नियतकालिकही निघाले. परंतु घरी बसून इंजिन बनवू पाहणाऱ्या माणसाची मोठी अडचण होत असे. लहान चाके, ओतीव सिलिंडर, बारीक स्क्रू हे भाग त्याला मिळावयाचे कोठून? बॅसेट-लोक यांनी ही अडचण ओळखली. वडिलांच्या कारखान्यात हिशेब लिहिणारे हॅरी फ्रँकलिन यांना सोबत घेऊन त्यांनी १८९९ साली एक लहानशी पेढी उघडली. भागांची यादी छापावयाची, मागणी आली की टपालाने माल पाठवावयाचा, असा तो साधा व्यवहार होता. तेव्हा त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती.

त्या काळी खेळण्यातील आगगाड्या मुख्यतः जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरातून येत. त्या रंगीबेरंगी आणि आकर्षक असत. पण इंजिन आखूड, चाके भलतीच मोठी, आणि डबा खऱ्या कोणत्याच डब्यासारखा नाही, असा सारा प्रकार असे. मुलाला तेवढ्याने आनंद होई. परंतु ज्याने रोज स्थानकावर उभे राहून खरी गाडी निरखून पाहिली आहे, त्याचे समाधान अशा खेळण्याने कसे व्हावे? १९०० साली पॅरिस येथे जे मोठे जागतिक प्रदर्शन भरले, त्यात बॅसेट-लोक यांची न्यूरेंबर्गच्या बिंग यांच्या प्रसिद्ध कारखान्याशी गाठ पडली. त्या कारागिरांचा हात किती सफाईदार आहे हे त्यांनी पाहिले. हाच हात खऱ्या गाडीच्या नकाशावरून चालविला तर काय होईल, असा विचार त्यांच्या मनात आला. नकाशे इंग्लंडचे आणि कारागिरी जर्मनीची, असा करार झाला. श्टेफान बिंग यांच्याशी जुळलेला त्यांचा स्नेह दीर्घकाळ टिकला. पुढे हिटलरच्या राजवटीत ज्यू म्हणून बिंग यांना मायदेश सोडून इंग्लंडमध्ये यावे लागले, तेव्हाही तो तुटला नव्हता.

नकाशे काढण्याच्या कामी त्यांना हेन्री ग्रीनली नावाचे एक निष्णात गृहस्थ लाभले. ग्रीनली यांनी खऱ्या रेल्वेच्या कचेरीत काम केलेले होते. खेळण्यात आणि प्रतिकृतीत मुख्य भेद प्रमाणाचा असतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. हे प्रमाण म्हणजे काय, ते येथे थोडे समजून घेतले पाहिजे.

इंग्लंडमधील लोहमार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर असते. त्याला ३२ ने भागले तर सुमारे ४५ मिलिमीटर येतात. म्हणून ४५ मिलिमीटर रुंदीच्या छोट्या मार्गावर चालणाऱ्या गाडीची प्रत्येक वस्तू खऱ्या वस्तूच्या एक-बत्तिसांश असली पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील कोळशाची एक प्रमाणित वाघीण साडेसोळा फूट लांब असे आणि तिच्या दोन आसांमध्ये नऊ फुटांचे अंतर असे. एक-बत्तिसांश केल्यावर लांबी सुमारे १५७ मिलिमीटर आणि आसांमधील अंतर सुमारे ८६ मिलिमीटर होते. बाजूची फळी सात इंच रुंद असेल, तर प्रतिकृतीत ती साडेपाच मिलिमीटर झाली पाहिजे. ती सहा मिलिमीटर झाली की फळ्यांची संख्या तरी चुकते, नाही तर उंची तरी चुकते. आणखी एक गंमत आहे. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बत्तीसपट घटल्या म्हणजे आत मावणारा माल ३२ × ३२ × ३२, म्हणजे ३२,७६८ पट घटतो. खऱ्या वाघिणीत दहा टन कोळसा भरत असतील, तर या वाघिणीत तो सुमारे तीनशे ग्रॅम भरेल!

विद्यार्थ्यांनी हेच गणित आपल्याकडील रुळांवर करून पाहावे. मनमाडहून जालना व परभणी यांवरून पुढे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास बांधला गेला, तो एक मीटर रुंदीचा होता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो १६७६ मिलिमीटर रुंद करण्यात आला. आजच्या मार्गावरील वाघीण एक-बत्तिसांश प्रमाणात केली, तर तिला ५२ मिलिमीटरहून थोडा अधिक रुंद मार्ग लागेल. ४५ मिलिमीटरच्या इंग्रजी मार्गावर ती बसणारच नाही. परंतु जुन्या मीटर मार्गावरील वाघिणीला ३१.२५ मिलिमीटरचा मार्ग पुरेल. बॅसेट-लोक यांच्या लहान गाड्यांचा दुसरा प्रचलित मार्ग ३२ मिलिमीटरचा होता. परभणीची जुनी वाघीण त्यावरून जवळजवळ बिनचूक धावली असती.

इंजिनांच्या प्रतिकृतींनी बॅसेट-लोक यांचा लौकिक झाला, हे खरे. तरी त्यांच्या मालगाड्यांची गोष्ट अधिक मनोवेधक आहे. इंग्लंडमध्ये त्या वेळी शंभराहून अधिक रेल्वे कंपन्या होत्या, आणि प्रत्येकीच्या वाघिणीचा रंग व अक्षरे निराळी असत. शिवाय कोळशाच्या खाणींचे मालक आणि व्यापारी स्वतःच्या वाघिणी बाळगीत व त्यांवर आपले नाव ठळकपणे रंगवीत. न्यूरेंबर्गमध्येच जॉर्ज कॅरेट नावाच्या फ्रेंच गृहस्थांचा कारखाना होता. तेथे कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर रंगीत छपाई करून बॅसेट-लोक यांच्यासाठी अशा वाघिणी बनविल्या जात. फळ्यांच्या रेघा, लोखंडी पट्ट्या, खिळ्यांची डोकी, कंपनीची अक्षरे, सारे त्या पत्र्यावर उमटलेले असे. बॅसेट-लोक यांच्या पेढीचे नाव घातलेली वाघीणही त्यांत होती! धंद्याची जाहिरात करण्याची संधी हा गृहस्थ सहसा दवडीत नसे.

हे सर्व निर्दोष होते असे मात्र नाही. पत्र्यावर छापलेला खिळा हाताला लागत नाही. खऱ्या चाकाची कड प्रमाणात लहान केली, तर ती कागदासारखी पातळ होते आणि गाडी पहिल्याच वळणावर रूळ सोडते. म्हणून छोट्या चाकांची कड प्रमाणापेक्षा जाड ठेवावी लागे, आणि घरात जागा अपुरी म्हणून वळणेही फार आखूड घ्यावी लागत. काटेकोर लोकांना हे खपत नसे. त्यांतूनच पुढे स्वतःच्या हाताने अधिक अचूक वाघिणी बनविणाऱ्यांची परंपरा निर्माण झाली. त्यांचा आक्षेप योग्यच होता. तथापि धावणारी गाडी हवी असेल तर कोठे तरी तडजोड करावी लागते. ती कोठे केली आहे हे ठाऊक असले म्हणजे झाले.

दुसरी अडचण पैशाची होती. तयार प्रतिकृती महाग असत आणि सामान्य घरच्या मुलाला त्या परवडत नसत. पेढीने सुटे भाग आणि नकाशे विकणे कधी सोडले नाही, याचे महत्त्व येथे कळते. ज्याच्याजवळ पैसा थोडा पण वेळ आणि चिकाटी होती, तो महिन्याला एखादा भाग मागवी आणि वर्षाअखेर त्याची गाडी उभी राही.

बॅसेट-लोक यांची दृष्टी टेबलावरच्या गाड्यांपुरती मर्यादित नव्हती. १९०५ साली त्यांनी ब्लॅकपूल येथील समुद्रकिनारी १५ इंच रुंदीच्या मार्गावर माणसांना बसवून नेणारी छोटी गाडी सुरू केली. आपल्या माथेरानच्या गाडीचा मार्ग दोन फूट रुंद आहे. यावरून हा मार्ग किती अरुंद होता याची कल्पना येईल. इंग्लंडच्या वायव्य भागात रॅव्हनग्लास येथे एक डोंगरी मार्ग बंद पडून गंजत होता. १९१५ मध्ये बॅसेट-लोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हाती घेतला आणि त्यावर १५ इंचांचे रूळ टाकले. पुढे त्या मार्गावरून खाणीतला ग्रॅनाइट दगडही वाहिला जाऊ लागला. खेळ म्हणून आरंभिलेल्या मापाच्या वाघिणींनी अशा रीतीने खरा माल वाहिला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीहून येणारा माल एकाएकी थांबला. नॉर्थॅम्प्टनच्या कारागिरांचे हात मात्र रिकामे राहिले नाहीत. तोफगोळ्यांचे भाग बरोबर मापाचे आहेत की नाहीत हे तपासण्याची सूक्ष्म मापके ते बनवू लागले. छोट्या वाघिणीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर फार तर हौशी माणूस नाराज होतो. येथे तितक्याच चुकीने तोफेजवळ उभ्या असलेल्या सैनिकाचे प्राण जाण्याचा संभव होता. दूरवर दिसणारे जहाज कोणाचे, हे नौसैनिकांना ओळखता यावे म्हणून जहाजांच्या लहान प्रतिकृतीही त्यांनी पुरविल्या.

याच युद्धाच्या काळात, १९१७ साली, फ्लॉरेन्स जेन जोन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नवदांपत्याचे डर्नगेट रस्त्यावरील जुने, अरुंद घर चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या विख्यात वास्तुशिल्पज्ञाने नव्याने सजविले. ते आज वस्तुसंग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

१ जानेवारी १९२३ रोजी इंग्लंडच्या बहुतेक रेल्वे कंपन्या एकत्र करून त्यांच्या चार मोठ्या कंपन्या करण्यात आल्या. कारखान्यांतून वाघिणींवर नवा रंग चढू लागला. जुनी अक्षरे एकेक करून पुसली गेली आणि जुन्या लाकडी वाघिणी कालांतराने मोडीत निघाल्या. परंतु १९१० च्या आसपास कोणा मुलासाठी घेतलेली पत्र्याची वाघीण माळ्यावरच्या पेटीत तशीच राहिली होती. रंग कोणता, अक्षरे केवढी, नाव कोठे, हे शोधणाऱ्याला तीही एक साक्षीदार म्हणून उपयोगी पडू लागली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या पेढीकडे पुन्हा गंभीर काम आले. जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांचे सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरावयाचे होते. तेथे वापरण्याजोगे बंदर हाती नसल्यामुळे बंदरच तुकड्यातुकड्यांनी समुद्रावरून ओढून न्यावे, अशी धाडसी योजना ठरली. त्या तरंगत्या बंदराच्या आणि जोडून उभारावयाच्या बेली पुलाच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बॅसेट-लोक यांच्या कारागिरांनी बनविल्या. ज्या हातांनी मुलांसाठी वाघिणी घडविल्या होत्या, त्याच हातांनी हेही काम केले.

२१ ऑक्टोबर १९५३ रोजी बॅसेट-लोक यांचे निधन झाले. १९६५ च्या सुमारास त्यांच्या पेढीची दुकानेही बंद झाली. त्यांचा छंद मात्र दूरवर पसरला होता. पुण्यात कोथरूड भागात १९९८ साली छोट्या आगगाड्यांचे एक संग्रहालय सुरू झाले, तेथील गाड्या एक-सत्त्याऐंशीअंश प्रमाणाच्या आहेत. रॅव्हनग्लासच्या मार्गावरून ग्रॅनाइटची वाहतूक पुढे थांबली, तरी त्या १५ इंचांच्या रुळांवरून प्रवाशांना घेऊन छोटी गाडी अजून डोंगरात जाते.