यूजेन पूबेल व पॅरिसचा केर

थोर पुरुषांची नावे मागे राहतात ती बहुधा ग्रंथांवर, पुतळ्यांखाली अथवा हमरस्त्यांच्या पाट्यांवर. फ्रान्स देशातील एका कायदेपंडिताचे नाव मात्र तेथील प्रत्येक घराच्या स्वयंपाकखोलीत, ओट्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात राहिले आहे. फ्रेंच भाषेत केराच्या डब्यास पूबेल असे म्हणतात. रोज हा शब्द उच्चारणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी पुष्कळांस तो एका माणसाचे आडनाव होता ह्याची आठवणही नसते. आम्हांस ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा हसू आले, हे कबूल केले पाहिजे. पुढे त्याचे चरित्र पाहिल्यावर हसू ओसरले आणि एक प्रश्न मनात राहिला. घरातील केर हा ज्याचा त्याचा खाजगी मामला आहे, की तो कशात भरावा, केव्हा बाहेर ठेवावा व त्याच्या खर्चाचा भार कोणी सोसावा हे सक्तीने ठरवून देण्याचा नगरास अधिकार आहे? पूबेलने ह्या प्रश्नाचे उत्तर एका हुकुमाने दिले, आणि त्या हुकुमापायी काही काळ सारे पॅरिस त्याच्यावर उलटले.

यूजेन पूबेलचा जन्म नॉर्मंडी प्रांतातील कां ह्या गावी १५ एप्रिल १८३१ रोजी एका सुखवस्तू कुटुंबात झाला. कायद्याचा अभ्यास करून त्याने डॉक्टरची पदवी मिळविली, आणि कां, ग्रेनोब्ल व तूलूझ येथील विद्यापीठांत अध्यापकाचे काम केले. तो असाच पुस्तकांत रमून राहता तर त्याचे नाव आज कोणास ठाऊकही नसते. परंतु १८७० साली प्रशियाशी झालेल्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला, बादशाही कोसळली आणि नव्या प्रजासत्ताकास भरवशाच्या अधिकाऱ्यांची गरज पडली. १८७१ साली पूबेलची नेमणूक प्रेफेक्ट ह्या पदावर झाली. प्रेफेक्ट म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्यासारखा सरकारचा मुख्य प्रतिनिधी. शारांत, ईझेर, कॉर्सिका, दू, आणि ज्यात मार्सेय हे मोठे बंदर येते तो प्रांत, असा एकामागून एक कारभार पाहून १८८३ च्या ऑक्टोबरात तो सेन प्रांताचा प्रेफेक्ट झाला. ह्या प्रांताचे मुख्य नगर पॅरिस. पॅरिसला त्या काळी नगराध्यक्ष नव्हता. निवडलेली नगरसभा होती, पण अंमलबजावणी सारी प्रेफेक्टच्या हाती. तेव्हा २२ लक्षांहून अधिक वस्तीच्या ह्या नगराचा खरा कारभारी पूबेलच होय.

त्या पॅरिसची कल्पना वाचकांनी चित्रांतील पॅरिसवरून करू नये. रुंद रस्ते झाले होते, वायूचे दिवे लागले होते, पण पाच-पाच, सहा-सहा मजल्यांच्या घरांतील भाडेकरू रात्री आपला केर खाली आणून रस्त्याच्या कडेला ओतीत. खरकटे, राख, हाडके, चिंध्या, फुटकी काच, कालवांचे शिंपले ह्यांचा दारोदारी ढीग पडे. कुत्री तो उकरीत, पाऊस तो गटारात नेई, आणि सकाळी नगराच्या घोडागाड्या उरलेला फावड्याने भरून नेत. ह्या घाणीवर उपाय करू पाहणारा पूबेल काही पहिला नव्हे. बाराव्या शतकाच्या अखेरीस फिलिप ऑगस्टस राजाने दुर्गंधीस कंटाळून काही रस्त्यांवर फरसबंदी करविली होती. पुढील राजांनीही हुकूम काढले. ते थोडे दिवस पाळले गेले आणि मग विसरले गेले. आपल्या घरापुढील रस्ता झाडण्याचे काम पूर्वी घरमालकाकडे असे. ते नीट होईना म्हणून १८७३ साली त्याऐवजी झाडणावळीचा कर बसविण्यात आला व झाडण्याचे काम नगराने आपल्याकडे घेतले. केराचे तसे काहीच ठरले नव्हते.

नव्या पदावर येऊन जेमतेम महिना लोटला असेल, तोच २४ नोव्हेंबर १८८३ रोजी पूबेलने आपला प्रसिद्ध हुकूम काढला. प्रत्येक घरमालकाने आपल्या भाडेकरूंसाठी स्वतःच्या खर्चाने झाकणाचे सामाईक डबे पुरवावेत. डबा ४० ते १२० लिटर मापाचा असावा. घराच्या दरवानाने तो सकाळी गाडी येण्याच्या सुमारास दाराशी ठेवावा आणि रिकामा झाल्यावर आत न्यावा. रस्त्यावर केर टाकणे बंद. इतकेच नव्हे, तर एका डब्यात कुजणारा ओला केर, दुसऱ्यात कागद व चिंध्या, आणि तिसऱ्यात काच, चिनी मातीचे तुकडे व कालवांचे शिंपले, अशी वाटणीही त्याने सांगितली होती. कालवे हे त्या काळच्या पॅरिसकरांचे आवडते खाद्य; त्यांच्या धारदार शिंपल्यांनी गाडीवाल्यांचे हात कापत, म्हणून त्यांस स्वतंत्र स्थान मिळाले असावे असा आमचा तर्क आहे. १५ जानेवारी १८८४ पासून हा हुकूम अमलात यावयाचा होता.

घरमालक संतापले. डबे विकत घ्यावयाचे, ते ठेवण्यास अंगणात जागा काढावयाची, आणि हे सारे आपल्या पैशाने! दरवान मंडळींची तक्रार निराळी. पहाटे उठून जड डबे ओढीत नेणे व ते धुणे हे त्यांच्या गळ्यात आले होते. भाडेकरूंस वाटले की भाडे वाढणार. ले फिगारोसारख्या वृत्तपत्रांनी तर हुकूम लागू होतो न होतो तोच त्या डब्यांस पूबेलचे नाव देऊन थट्टा आरंभिली. थट्टेतला शब्द लोकांच्या तोंडी बसला, आणि १८९० साली तो शब्दकोशातही जाऊन बसला. त्या वेळी पूबेल हयात होता व अधिकारावर होता. आपले कुलनाम असे केराशी जोडले गेलेले त्यास कसे वाटले असेल ते कळण्यास मार्ग नाही; त्यापायी त्याने हुकूम मागे घेतला नाही एवढे खरे.

घरमालकांचा आक्षेप आम्हांस फारसा मोलाचा वाटत नाही. आपला केर आपण वाटेल तिकडे फेकू, असे म्हणण्याचा अधिकार ज्याचे घर रानात एकटे आहे त्यास कदाचित असेल. जेथे एका जिन्यावर वीस बिऱ्हाडे राहतात तेथे एका बिऱ्हाडाचा निष्काळजीपणा उरलेल्या एकोणिसांस सोसावा लागतो. ज्यास हौस असेल त्याने डबा ठेवावा, असे म्हटले असते तर नीटनेटक्या घरांनी डबे ठेवले असते आणि ढीग जेथे होते तेथेच राहिले असते. शिवाय डब्याचा खर्च मालकावर टाकण्यात पूबेलचा हिशेब चोख होता. नगरास हजारो भाडेकरूंच्या मागे लागणे अशक्य. मालक मात्र ठावठिकाणा असलेला, दंड वसूल करता येण्याजोगा मनुष्य.

परंतु दुसरा एक आक्षेप होता, आणि तो असा सहज बाजूस सारता येत नाही. पॅरिसमध्ये हजारो लोक केर वेचून पोट भरीत. पाठीवर वेताची टोपली, एका हातात कंदील व दुसऱ्या हातात लोखंडी आकडा घेऊन ते रात्री बाहेर पडत आणि ढिगांतून चिंध्या, हाडे, कागद, काच, भाकरीचे तुकडे निवडून घेत. चिंध्यांपासून कागद होई, हाडांपासून गुंड्या व सरस होई, काच पुन्हा भट्टीत जाई. नगर ज्यास घाण म्हणे त्यातून ही माणसे कारखान्यांस कच्चा माल पुरवीत. नगरात घरभाडी वाढल्यामुळे त्यांपैकी पुष्कळजण तटाबाहेरच्या झोपड्यांत राहत. त्यांतही दोन प्रती होत्या: काहींची ठराविक घरे असत, दरवानाशी ओळख असे, आणि तेथला केर इतर कोणी शिवत नसे, उरलेले बिचारे मिळेल तेथे धावत. त्या वर्षांत व्यापार मंदावला होता आणि कागद लाकडापासून होऊ लागल्यामुळे चिंध्यांचा भाव उतरत चालला होता. अशात केर रस्त्यावर येणेच बंद झाले, बंद डब्यातून तो सरळ गाडीत जाऊ लागला, तर ह्यांनी आकडा कोठे टाकावा?

असा प्रसंग पॅरिसवर पूर्वी एकदा आला होता. १८३२ च्या वसंतात, पूबेल पाळण्यात असताना, नगरात पटकीची साथ आली. तीत १८ हजारांहून अधिक माणसे दगावली. घाण त्वरेने हलावी म्हणून अधिकाऱ्यांनी केर उचलण्याचा नवा मक्ता दिला. तेव्हा केरवेच्यांनी दंगा करून मक्तेदाराच्या गाड्या जाळल्या. साथीत मरण्याचे भय त्यांस नव्हते असे नाही. उपासमारीचे भय त्याहून जवळचे होते.

पूबेलच्या वेळी गाड्या जाळण्यापर्यंत मजल गेली नाही. ह्याचे श्रेय पुष्कळ अंशी त्याने केलेल्या तडजोडीस द्यावे लागेल. वृत्तपत्रांनी केरवेच्यांचा कैवार घेतला, चर्चा झाली, आणि ७ मार्च १८८४ रोजी सुधारलेला हुकूम निघाला. डबा दाराशी ठेवल्यापासून गाडी येईपर्यंतच्या अवधीत केरवेच्यांनी तो एका कापडावर ओतावा, हवे ते निवडून घ्यावे आणि बाकीचे पुन्हा डब्यात भरावे, अशी मुभा देण्यात आली. ही मुभा पुरेशी होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. रात्रभराचे काम पहाटेच्या थोड्या घटकांत कोंबले गेले. ज्यांची घरे ठरलेली होती ते तगले, जे धावून वेचीत त्यांचे हाल झाले. सक्तीचा नियम करताना पूबेलने आरोग्याचा विचार पुरता केला होता, खर्चाचा केला होता. केरावर कोण जगतो हा विचार मात्र त्यास आरडाओरडा झाल्यावर सुचला. इतक्या बुद्धिमान माणसाच्या कर्तृत्वात ही उणीव राहून गेली ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

येथे थोडे घराकडे वळावेसे वाटते, कारण नेमका हाच पेच आपल्या महाराष्ट्रातही पडला होता. पुणे शहरातील कागद, काच व पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी, ज्यांत बहुतेक स्त्रियाच, १९९३ साली आपली पंचायत स्थापिली. पुढे घरोघरचा केर उचलण्याची व्यवस्था करावयाची वेळ आली तेव्हा त्या बाहेर लोटल्या गेल्या नाहीत. २००८ साली त्यांच्याच सहकारी संस्थेशी पुणे महानगरपालिकेने करार केला, आणि घरटी ठराविक शुल्क घेऊन त्या स्वतः दारोदार केर गोळा करू लागल्या. पॅरिसच्या केरवेच्यांस डबा उचलण्याचे हेच काम देता आले असते, हे पूबेलच्या किंवा त्याच्या विरोधकांच्याही ध्यानात आले नाही.

तीन डब्यांची योजनाही साधली नाही. एकाच डब्याविषयी कुरकुर करणारे लोक तीन कोठून ठेवणार? तो भाग बाजूस पडला, आणि फ्रान्समध्ये केर वेगळा करण्याची रीत खऱ्या अर्थाने रुजण्यास त्यानंतर सुमारे शंभर वर्षे जावी लागली. भारत सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांतही घरानेच केराचे तीन भाग करावेत असे सांगितले होते. ते पाळताना आपल्या घरोघरी जी कुरकुर झाली ती ऐकली असती तर पूबेलला आपल्या पॅरिसचीच आठवण झाली असती.

इतका हट्ट कशासाठी, असे कोणी विचारील. त्या काळी लुई पाश्चर ह्याच्या शोधांनी रोगजंतूंचे ज्ञान नुकतेच पसरू लागले होते. पॅरिसचे लोक डब्यांवर विनोद करीत होते त्याच सुमारास, १८८४ च्या आरंभी, रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ आपल्या कलकत्त्यास पटकीच्या जंतूचा शोध पक्का करीत होता. त्याच वर्षी पटकी तूलाँ व मार्सेय येथे उतरली आणि नोव्हेंबरात पॅरिसला पोहोचली. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पटकी पसरते ती मुख्यतः दूषित पाण्यातून. केराच्या डब्याने ती थांबली असती असे नव्हे. पूबेलनेही डब्यावर समाधान मानले नाही. १८९२ साली साथ पुन्हा आल्यावर मैल्याचा प्रश्न निकडीचा झाला, आणि १० जुलै १८९४ च्या कायद्याने पॅरिसच्या प्रत्येक घरमालकास आपले घर स्वतःच्या खर्चाने भुयारी गटारास जोडणे भाग पडले. मालकांनी पुन्हा तोच आकांत केला, कज्जे केले, वर्षानुवर्षे टाळाटाळ केली. शौचकूप उपसण्याचा जुना प्रकार तरीही हळूहळू मागे पडत गेला. आमच्या मते त्याचे हे काम डब्याहून मोठे होय, पण त्यास त्याचे नाव चिकटले नाही.

त्याच्या कारकीर्दीतील दोन गोष्टी जाता जाता सांगतो. १८८५ साली, पुष्कळ डॉक्टरांचा विरोध असता, स्त्रियांस पॅरिसच्या इस्पितळांतील निवासी वैद्यांच्या परीक्षेस बसण्याची परवानगी त्याने दिली. आणि १८८७ च्या जानेवारीत आयफेलच्या मनोऱ्याचा जो करार झाला त्यावर नगराच्या वतीने सही पूबेलची होती. ज्याचे नाव उंच व्हावयाचे त्याचे झाले.

तेरा वर्षे पॅरिसचा कारभार केल्यावर १८९६ साली तो पोपच्या दरबारी फ्रान्सचा वकील म्हणून रोमला गेला आणि दोन वर्षांनी परतला. उतारवयात त्याने दक्षिण फ्रान्समध्ये कार्कासोन नगराजवळ वास्तव्य केले. तो द्राक्षमळ्यांचा मुलूख. तेथील प्रांतिक मंडळात तो निवडून आला, शेतकीसंस्थेचे अध्यक्षपद त्याने भूषविले आणि त्या भागातील द्राक्षासवाच्या धंद्याचा कैवार घेतला. १५ जुलै १९०७ रोजी पॅरिस येथे त्याचा अंत झाला. त्याचा देह मात्र कार्कासोनजवळच्या एर्मिनी येथील लहानशा दफनभूमीत ठेविला आहे. पॅरिसच्या सोळाव्या विभागात त्याच्या नावाची एक आखूड गल्ली आहे; तिच्या पाटीवर त्याचे नाव मोठ्या अक्षराने आरंभ करून लिहिले आहे. फ्रेंच लेखनात विशेषनाम तसे लिहितात, आणि डब्याचे नाव लहान अक्षराने.