दुसरे रघुजी भोसले

दुसरे रघुजी भोसले (मृत्यू: २२ मार्च १८१६) हे नागपूरच्या भोसले घराण्यातील राजे होते. आजचा वर्धा जिल्हा त्यांच्या राज्याचा भाग होता. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील सहभागासाठी ते इतिहासात ओळखले जातात. विदर्भात संत्रा आणण्याचे श्रेयही परंपरेने त्यांना दिले जाते.

प्रारंभिक जीवन

रघुजी हे मुधोजी भोसले यांचे पुत्र होते. निपुत्रिक असलेले चुलते जानोजी यांनी त्यांना दत्तक घेतले. १७७२ मध्ये जानोजींचे निधन झाल्यावर मुधोजी व साबाजी या भावांत सत्तेसाठी संघर्ष झाला. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले आणि मुधोजी पुत्राच्या वतीने कारभार पाहू लागले. १७८८ मध्ये मुधोजींच्या मृत्यूनंतर सर्व सत्ता रघुजींच्या हाती आली.

कारकीर्द

१७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत रघुजींनी निजामाविरुद्ध पेशव्यांना साथ दिली. १८०३ मध्ये दौलतराव शिंदे यांच्यासह ते इंग्रजांविरुद्ध लढले. असई, अडगाव आणि गाविलगड येथील पराभवांनंतर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. त्यानुसार कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील बहुतांश मुलूख त्यांना सोडावा लागला. वर्धा नदी अशा रीतीने राज्याची सीमा बनली. उत्पन्न घटल्याने उरलेल्या प्रदेशावरील कराचा बोजा वाढला व रयतेचे हाल झाले. पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांनी त्यांत भर घातली. तैनाती फौज मात्र त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारली नाही.

संत्र्याची लागवड

रघुजींनी औरंगाबादहून संत्र्याची झाडे आणून नागपूर येथील आपल्या बागेत लावली, असे परंपरा सांगते. पुढे हे पीक राजबागेतून शेतकऱ्यांच्या शेतांत पोहोचले. वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी व कारंजा (घाडगे) या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. नागपुरी संत्र्यास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

विदर्भात संत्र्याचे रोप खुंटावर डोळा भरून तयार करतात. त्यासाठी मुख्यतः जंभेरी व रंगपूर लाईम हे खुंट वापरले जातात. फळाची जात डोळ्यावरून ठरते, परंतु झाडाची वाढ, उत्पादन, आयुष्य व रोगप्रतिकारशक्ती यांवर खुंटाचा मोठा प्रभाव असतो. जंभेरीवरील झाड जोमाने वाढते व भरपूर फळते. तथापि फायटोफ्थोरा बुरशीमुळे होणाऱ्या मूळकूज व डिंक्या या रोगांना ते सहज बळी पडते. रंगपूर लाईम हा खुंट या रोगांना तुलनेने अधिक तोंड देतो व पाण्याचा ताणही अधिक सोसतो. त्यामुळे निचरा कमी असलेल्या भारी काळ्या जमिनीत जंभेरीची निवड जोखमीची ठरते. खुंट कोणताही असला, तरी डोळा जमिनीपासून सुमारे २५ सेंटिमीटर उंचीवर भरणे आणि लागवडीत तो जोड मातीखाली जाऊ न देणे आवश्यक असते. खुंटातील दोष बहुधा झाड फळावर आल्यानंतर, म्हणजे काही वर्षांचा खर्च झाल्यावर उघड होतो. म्हणून रोपे घेताना खुंटाची खात्री करणे महत्त्वाचे मानले जाते.

मृत्यू व वारसा

रघुजींच्या निधनानंतर त्यांचे पुत्र परसोजी गादीवर आले. कारभार पाहणाऱ्या अप्पासाहेब भोसले यांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन वर्धा जिल्हा अस्तित्वात आला. रघुजींनी गमावलेल्या पश्चिम तीरावर आणि राखलेल्या पूर्व तीरावर आज संत्र्याच्या बागा आहेत.