दहीभात आणि मेचनिकॉफ

न्यू जर्सीत धाकट्या भावाचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालं, तेव्हा साताऱ्याहून आईचा फोनवर रोज एकच धोशा होता: त्याला दहीभात दे, पोट ठीक होईल. इथल्या डॉक्टरांनी तर घरच्या दह्याला सक्त मनाई केलेली. आईला काय सांगावं ते कळेना. ते उत्तर मला एली मेचनिकॉफ यांच्या चरित्रात सापडलं.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकिवजवळचा. पहिली पत्नी क्षयाने गेली तेव्हा ते पार खचले होते. पुढे १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिनात त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतात तर काट्यांभोवती पेशींचा गराडा! जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी शरीरात असतात, हे त्यांनी यातूनच मांडलं. त्याबद्दल १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं.

१८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जंतू म्हातारपण आणतात आणि आंबवलेल्या दुधातले जंतू त्यांना आवर घालतात, असं त्यांचं मत होतं. बल्गेरियातल्या दीर्घायुषी शेतकऱ्यांचा ते दाखला देत आणि स्वतःही आंबवलेलं दूध घेत. १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी हृदयविकाराने ते गेले.

आतड्यातले बहुतेक जंतू शत्रूच, हा मात्र त्यांचा गैरसमज. २०२० मध्ये न्यूयॉर्क, डरहॅम, जर्मनीतलं रेगेन्सबर्ग आणि जपानमधलं साप्पोरो इथल्या १,३६२ ट्रान्सप्लांट रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आतड्यात जास्त प्रकारचे जंतू टिकून होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. म्हणजे पोट सांभाळायला हवं हे आईचं म्हणणं बरोबरच होतं.

मग दही का नको? कारण मेचनिकॉफ यांनी दाखवलेल्या त्या गिळणाऱ्या पेशीच तेव्हा भावाच्या रक्तात जवळपास नव्हत्या. पहारेकरीच नसताना दह्यातले जंतूही रक्तात शिरू शकतात. आईला हे सांगितलं, तिला पटलं.

पुढे काउंट वाढले, डॉक्टरांनी परवानगी दिली. त्या रात्री मी विरजण लावलं. दुसऱ्या दिवशी भाऊ दहीभात खात होता आणि व्हिडिओ कॉलवर आई नुसती बघत बसली होती.