विश्लेषण : सातवीपर्यंत शिकलेल्या मुख्यमंत्र्याने इंजिनीअरिंगची दारे कशी उघडली?

निवडणूक आली की उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे मोबाइलवर फिरू लागतात. कोण दहावी नापास, कोण परदेशातून पदवी घेऊन आलेला, यावर चर्चा रंगते. नेता निवडताना मार्कशीट पाहावी का? महाराष्ट्रापुरते बोलायचे तर वसंतदादा पाटील यांच्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही.

कोण होते वसंतदादा?

जन्म १३ नोव्हेंबर १९१७, सांगलीजवळच्या पद्माळे गावातले शेतकरी कुटुंब. मूल जेमतेम वर्षाचे असताना साथीत आई-वडील गेले, आजीने वाढवले. शाळा सातवीच्या आसपास सुटली. पुढचे शिक्षण चळवळीत झाले. २४ जुलै १९४३ रोजी त्यांनी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडला. पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून, तटावरून उड्या टाकून ही मंडळी कृष्णेच्या दिशेने पळाली. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना प्राण गमवावे लागले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले.

१९५२ मध्ये ते सांगलीतून आमदार झाले. त्यानंतर शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला. भागधारकांचा विश्वास, उसाचा भाव, बँकेचे कर्ज, पाण्याच्या पाळ्या हे सगळे एकाच वेळी सांभाळण्याचा हा व्यवहार कोणत्याही पदवीच्या अभ्यासक्रमात तेव्हा शिकवला जात नव्हता. १९७२ मध्ये पाटबंधारे खाते त्यांच्याकडे आले, १९७७ मध्ये मुख्यमंत्रिपद. ते १९७८ च्या जुलैत शरद पवारांनी सरकार पाडल्यामुळे गेले.

१९८३ मध्ये काय घडले?

त्याआधीचे दोन्ही मुख्यमंत्री बॅरिस्टर होते. अंतुले यांना सिमेंट प्रकरणातील उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जावे लागले, बाबासाहेब भोसले वर्षभरच टिकले. फेब्रुवारी १९८३ मध्ये दादा पुन्हा आले आणि त्याच वर्षी त्यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली.

तेव्हाची अडचण साधी होती. इंजिनीअरिंगच्या जागा थोड्या, इच्छुक मुले पुष्कळ. पुणे, कराड, औरंगाबाद, अमरावती येथील सरकारी आणि मुंबई, सांगली, नागपूरची अनुदानित महाविद्यालये सोडली तर फारसे काही नव्हते. ज्यांच्या बापाकडे पैसा, ती मुले देणगी भरून कर्नाटकात जात. नवी महाविद्यालये काढण्याइतका पैसा सरकारकडे नव्हता. मग संस्थांनी स्वतःच्या बळावर ती काढावीत, सरकार अनुदान देणार नाही, खर्च फीमधून भागवावा, असे ठरले.

गुणवत्ता बुडेल, शिक्षणाचा बाजार होईल, अशी टीका झाली. टीकाकार अडाणी नव्हते आणि पूर्ण चुकलेलेही नव्हते. संस्था काढणाऱ्यांत राजकारणी पुढे होते, ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. देणग्यांचा प्रकार इतका वाढला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. पण तालुक्याच्या गावातली, घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी कित्येक मुले याच महाविद्यालयांतून इंजिनीअर झाली. पुण्याच्या आयटी कंपन्यांना मनुष्यबळ मिळाले, त्यातही या निर्णयाचा वाटा होता. तेव्हा दादांचा निर्णय पूर्ण शहाणपणाचा म्हणता येत नाही, तसा अडाण्याचाही म्हणता येत नाही. दाराबाहेर ताटकळणारी मुले त्यांना दिसली. दारावर बसणारा माणूस पैसे मागेल, याचा बंदोबस्त मात्र त्यांनी वेळीच केला नाही. ही चूक पदवीने टळली असती का? बॅरिस्टर अंतुलेंचे पद कशावरून गेले, ते आठवावे.

कायदा काय सांगतो?

आमदार, खासदार होण्यासाठी राज्यघटनेत शिक्षणाची अट नाही. संविधान सभेचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी नोव्हेंबर १९४९ मधील समारोपाच्या भाषणात याची खंत व्यक्त केली होती, तरी अट आली नाही. पंचायतींच्या बाबतीत मात्र हरियाणाने २०१५ मध्ये ती आणली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. त्यात खुल्या गटातील पुरुषांना दहावी उत्तीर्ण असणे सक्तीचे आहे. म्हणजे या नियमाने दादांना पद्माळेचे सरपंचही होता आले नसते.

पुढे काय झाले?

प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची नेमणूक दिल्लीने परस्पर केली, म्हणून दादांनी जून १९८५ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले. त्याच वर्षी ते राजस्थानचे राज्यपाल झाले आणि १९८७ पर्यंत तिथे राहिले. याच राजस्थानने पुढे सरपंचपदासाठी आठवीची अट घातली आणि २०१९ मध्ये ती काढूनही टाकली. दादांचे निधन १ मार्च १९८९ रोजी झाले. पुण्याजवळ मांजरी येथील ऊस आणि साखरेवर संशोधन करणारी संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.