हकीम अजमल खान आणि सर्पगंधेची मुळी

रक्तदाबाची गोळी नियमाने घेणारे एखादे वडीलधारे माणूस आज बहुतेक घरांत असते. परंतु १९४० च्या सुमारास वाढलेल्या रक्तदाबावर भरवशाचे असे औषध डॉक्टरांपाशी जवळजवळ नव्हते. पुढे जी पहिली गुणकारी औषधे जगाला मिळाली, त्यांतले एक आपल्या देशातील रानात उगवणाऱ्या सर्पगंधेच्या मुळीतून निघाले. ही मुळी हकिमाच्या खलबत्त्यातून रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचली, त्यात ज्या थोर पुरुषाच्या दूरदृष्टीचा मोठा वाटा आहे, ते म्हणजे मसीह-उल-मुल्क हकीम अजमल खान.

अजमल खान यांचा जन्म १८६८ साली दिल्लीत झाला. त्यांचे शरीफखानी घराणे पिढ्यान्‌पिढ्या हकिमी करणारे, मोगल दरबारापासून नावाजलेले. बालपणीच त्यांनी कुराण शरीफ मुखोद्गत केले, अरबी-फारसीचे अध्ययन केले आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या हाताखाली युनानी वैद्यक आत्मसात केले. १८९२ पासून काही वर्षे ते रामपूरच्या नवाबांचे हकीम होते. थोरल्या बंधूंच्या निधनानंतर दिल्लीचा दवाखाना आणि बंधूंनी सुरू केलेला मदरसा तिब्बिया यांची जबाबदारी त्यांच्यावर आली. दिल्लीतल्या रुग्णाकडून फी घ्यायची नाही, ही घराण्याची रीत त्यांनीही पाळली.

एवढ्या मोठ्या घराण्याचे नाव पाठीशी असता त्यांना स्वस्थ बसूनही मान मिळाला असता. पण काळ बदलला आहे, हे त्यांनी ओळखले होते. पाश्चात्त्य वैद्यक प्रयोगाच्या बळावर झपाट्याने पुढे जात होते आणि सरकारदरबारी हकीम-वैद्यांची किंमत कमी होत होती. अशा वेळी नुसते पूर्वजांचे गोडवे गाऊन भागणार नव्हते. १९०९ साली त्यांनी स्त्रियांसाठी वैद्यकाची स्वतंत्र शाळा काढली. १९१० साली वैद्य आणि हकीम यांना एका परिषदेत एकत्र आणले. १९११ साली ते युरोपला गेले आणि तेथील रुग्णालये व वैद्यकीय संस्था त्यांनी स्वतः पाहिल्या.

या सर्व विचारांचे फळ म्हणजे दिल्लीचे आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज. १९१६ साली व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी त्याची कोनशिला बसवली आणि १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन झाले. एकाच छपराखाली हिंदू-मुसलमान विद्यार्थी आयुर्वेद आणि युनानी शिकू लागले, जोडीला शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रियाही शिकू लागले. हिंदुस्थानी दवाखान्याचे उत्पन्न हकीमसाहेबांनी या कामी लावले. जुन्या वळणाच्या काही हकिमांना ही सरमिसळ रुचत नसे. पण जे ज्ञान खरे आहे त्याला परीक्षेचे भय कशाला, अशी हकीमसाहेबांची धारणा होती.

देशकार्यातही ते आघाडीवर होते. १९२० साली त्यांनी सरकारने दिलेली पदवी परत केली, तेव्हा लोकांनी त्यांना मसीह-उल-मुल्क म्हणून गौरविले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे ते पहिले कुलपती. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. जामिया पैशाअभावी बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी पदरमोड करून ती जगवली.

वनौषधींचे पृथक्करण करून त्यांतील गुणकारी द्रव्य शोधून काढावे, ही त्यांची मोठी इच्छा होती. त्यासाठी त्यांनी सलीमुझ्झमाँ सिद्दीकी या तरुणाला हाताशी धरले. अलीगढला शिकलेल्या या तरुणाने १९२७ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवली होती. तिब्बिया कॉलेजातील संशोधन संस्थेची धुरा त्याने घेतली. पण फळ पाहणे हकीमसाहेबांच्या नशिबी नव्हते. २९ डिसेंबर १९२७ रोजी हृदयविकाराने रामपूर येथे त्यांचे निधन झाले.

काम मात्र थांबले नाही. १९३१ साली डॉ. सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने सर्पगंधेच्या मुळीतून अनेक शुद्ध द्रव्ये वेगळी काढली. हकिमांच्या भाषेत ही मुळी म्हणजे असरोल. त्यांतल्या एका द्रव्याला त्यांनी आपल्या आश्रयदात्याचे नाव दिले : अजमलीन. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाब उतरतो, असे प्रसिद्ध केले. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी याच मुळीतून रिझर्पिन काढले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले, रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य त्याने कमी होते, वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रिझर्पिनने मन उदास होणे, सुस्ती येणे असे त्रासही आढळले. पुढे अधिक चांगली औषधे आल्यावर त्याचा वापर फार कमी झाला. म्हणूनच ही मुळी आपल्या मनाने कोणी घेऊ नये. अजमलीन मात्र अजून उपयोगी पडते. ब्रुगाडा नावाच्या हृदयदोषात धडधाकट दिसणारा तरुणही झोपेत दगावू शकतो. कार्डिओग्राममध्ये लपून राहिलेला हा दोष उघडकीस आणण्यासाठी युरोपातील रुग्णालयांत अजमलीनचे इंजेक्शन देऊन तपासणी करतात. दिल्लीच्या हकिमाचे नाव अशा रीतीने परदेशी डॉक्टरांच्या तोंडी राहिले आहे.

विद्यार्थी मित्रहो, वडिलार्जित ज्ञानाचा अभिमान जरूर बाळगा, पण ते प्रयोगाच्या कसोटीला लावण्याची हिंमतही ठेवा. आणि पालकांनी एवढेच ध्यानी घ्यावे की, शिक्षणासाठी खर्चलेल्या पैशाचे फळ आपल्या डोळ्यांदेखत मिळेलच असे नाही. हकीमसाहेबांना ते मिळाले नाही. ते मिळाले त्यांच्यामागून आलेल्या अगणित रुग्णांना.